तिरकी गेलेली पहिली ओळ

आमची आत्या घरांना बाहेरून स्वेटर घालते, असं आतोबा, म्हणजे तिचे यजमान, म्हणतात. पाठीला फोम चिकटवलेल्या प्लास्टिकच्या लांब पट्ट्या भिंतीवर खालून वर एकीत एक अडकवून खिळ्यांनी ठोकत न्यायच्या; मग थंडी आत येत नाही आणि पाऊस भिंतीला लागत नाही. हे काम मुळात आतोबांचं. आत्या नुसत्या पट्ट्या कापून द्यायची. ते शिडीवरून पडले, गुडघा कायमचा अधू झाला, तेव्हा कंबर कसून ही वर चढली. बाई शिडीवर चढते म्हणून घरमालक कुरकुरले. कुरकुरू देत, भिंती कुठे वाकड्या होत होत्या?

एक काम मात्र आतोबांनी सोडलं नाही : सर्वांत खालची पहिली ओळ. तिला शिडी लागत नाही, आणि ती चुकली की वरचं सगळं चुकतं. तेवढ्या एका ओळीवर माणूस अजून स्वतःला कारागीर समजत होता.

गेल्या वर्षी एका शिक्षिकेच्या घरी आतोबांच्या पहिल्या ओळीवर आत्या आणखी तीन ओळी लावून मागे सरली आणि थबकली.

"अहो, ओळ उतरतेय."

"ओळ नाही, घर उतरतंय."

आत्याने पाणसळ लावली. बुडबुडा एका बाजूला पळाला. पाणसळ धरायची तर दर हातभर अंतरावर गुडघा टेकावा लागतो. ते दुखणं टाळायला आतोबांनी जोत्यापासून मापं घेतली होती, आणि जोतंच तिरकं होतं. गुडघा टेकवत नाही असं सांगितलं असतं तर आत्याने पाणसळ धरली असती. पण सांगतील तर ते आतोबा कसले!

"वर जाताना थोडं थोडं जुळवून घे," ते हळूच म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"खिडकीपाशी फट राहील. पाणी आत जाईल. काढायलाच हवं."

आतोबांनी पकड उचलली आणि चारही ओळींचे खिळे स्वतःच उपटले. नवी पहिली ओळ आत्याने लावली. आतोबा दिवसभर तिच्याकडे पाठ करून पट्ट्या कापत राहिले.

पुढच्या घरी मालकाने कौतुकाने विचारलं, "पहिली ओळ तुम्हीच लावता म्हणे?"

आमचे आतोबा म्हणजे भाजी खारट केली तरी मिठाला दोष देणारे. आता काय ऐकावं लागतंय म्हणून आत्या खाली बसून सांडलेले खिळे वेचायला लागली.

"लावायचो," ते म्हणाले. "आता ही लावते. माझ्या हातून चुकली."

आत्याचे डोळे भरून आले. खिळे वेचून संपले तरी तिला मान वर करवेना.