थूल सरांचा फलाट

थूल सर आम्हांला इंग्रजी शिकवायला फलाटावर न्यायचे. आमची शाळा आणि सिंदीचं रेल्वे स्टेशन यांत जेमतेम पाच मिनिटांचं अंतर. आठवड्यातून एकदा नववीची अख्खी वरात सरांच्या मागे निघायची. ‘आउट’, ‘ऑफ’, ‘अवे’ अशी शेपटं लावलेली क्रियापदं फळ्यावर शिकवून काही उपयोग नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. “फळा जागचा हालते का? मंग त्याच्यावर मी पोट्ट्याहिले जाणं कसं शिकवू?” असं त्यांनी मुख्याध्यापकांनाच विचारलं होतं.

पॅसेंजर येऊन थांबली की सर छडी तिकडे रोखत. डब्यातून बाई उतरली, ‘गॉट ऑफ’. कोणाच्या थैलीतून संत्री सांडली, ‘फेल आउट’. रुळापलीकडच्या कळपातून एक बकरी सटकली, ‘रॅन अवे’. गाडी हलली, ‘पुल्ड आउट’. आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो आणि चहावाला किटली खाली ठेवून हसायचा. एकदा स्टेशन मास्तर हा गोंधळ थांबवायला बाहेर आले, तर सरांनी त्यांच्याकडेच छडी केली आणि ‘द स्टेशन मास्टर केम आउट ऑफ हिज ऑफिस’ हे वाक्य आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. बिचारे परत आत गेले.

पण एवढ्यावर सुटका नसे. मी एकदा मोठ्या ऐटीत म्हटलं, “द ट्रेन सेट ऑफ.” सरांनी भुवया वर केल्या.

“फ्रॉम व्हेअर?”

मी गेलेल्या गाडीकडे बघू लागले.

“अवो बाई, हवेतून सुटली का गाडी? कुठून गेली ते सांग ना. कुठून गेला तेच जो सांगत नाई, तो गेला नाई, हरवला.”

हे वाक्य शाळेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. मलाही होतं. पाठ असणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

शाळा सुटली तरी सर सुटत नसत. गावातलं कोणी कॉलेजला किंवा नोकरीला बाहेरगावी निघालं की सकाळच्या पॅसेंजरला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर. उपदेश नाही, डोक्यावर हात नाही. गाडी हलली की ते खिडकीबरोबर चालू लागत आणि खणखणीत विचारत, “फ्रॉम व्हेअर?” आतल्यानं तितक्याच जोरात ओरडायचं, “फ्रॉम सिंदी!” लाजाळू पोरं कुजबुजायची. मग सर फलाट संपेपर्यंत चालत आणि विचारत राहायचे. स्वतः मात्र ते नागपूरच्या पुढे कधी गेले नाहीत. कोणी छेडलं तर म्हणत, “मी कायले जाऊ? सर्वेच गेले तं विचारन कोण?”

त्यांचे एकमेव जिवलग मित्र म्हणजे माझे बाबा. बाबांचं बाजाराच्या रस्त्याला शिलाईचं दुकान. रोज संध्याकाळी सहाला सर तिथे येत आणि दोघांत एक चहा मागवत. सरांना कप, बाबांना बशी. बोलणं फारसं नसे. मशीन चालायची, सर पेपर वाचायचे, आणि अंधार पडला की उठायचे. मी चार वर्षांची असताना आई गेली, त्यामुळे माझं बालपण त्या कपड्यांच्या चिंध्यांत आणि या दोघांच्या पायांशी गेलं.

एम.ए.ला पुण्याला जायचं मी ठरवलं तेव्हा बाबांनी साफ नाही म्हटलं. सरांनी तीन संध्याकाळी चहा पीत त्यांची समजूत घातली. चौथ्या संध्याकाळी बाबांनी मशीन थांबवली.

“सर, तुमचं ऐकून धाडतो. पण पोरगी वापस येईन ना?”

“येईन ना, वामनराव. माहा शब्द हाय.”

मी तिथेच बटणं लावत बसले होते. मी मान डोलावली. निघाले त्या सकाळी फलाटावर दोघंही होते. सर खिडकीबरोबर चालत होते, बाबा जागीच उभे होते.

मी परतले नाही. पुण्याहून बेंगळुरूला नोकरी लागली, तिथे सोबतच्या एकाशी लग्न केलं आणि बाबांना कळवलं ते लग्न झाल्यावर, फोनवर. “आता फोन नको करू,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आधी सांगायला हवं होतं. मी घाबरले होते आणि त्या घाबरण्याला मी स्वातंत्र्य म्हणत होते.

त्यानंतर दर रविवारी सरांचा फोन येऊ लागला. अकरा वर्षं, एकही रविवार न चुकता.

“बाबा कसे आहेत, सर?”

“बरा हाय. आत्ताच चहा झाला आमचा.” मग बातम्या. वामनरावानं नवीन चष्मा घेतला. दुकानाचं दार हिरवं रंगवलं. मशीनला मोटर बसवली. थंडीत डावा पाय थोडा ओढते, पण काळजी नको करू. मी दर वेळी विचारायची, “माझ्याबद्दल काही बोलले?” दर वेळी तेच उत्तर यायचं, “बोलन, बोलन. दम धर.” मला वाटायचं, सर आहेत ना तिथे. बाबा एकटे नाहीत. माझ्या मनावरचं ओझं त्या एका कपानं हलकं व्हायचं आणि मी कामाला लागायची.

गेल्या उन्हाळ्यात रविवारी फोन आला तो काकूंचा, सरांच्या पत्नीचा. सर पहाटे झोपेतच गेले होते. मला अंत्ययात्रेला पोहोचता आलं नाही; गेले ती पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दिवशी. अंगणात मांडव होता, आत फोटोपुढे मेणबत्त्या. काकूंच्या गळ्यात पडून मी रडत म्हटलं, “आता बाबांनी चहा कोणासोबत प्यायचा, काकू?”

काकूंनी मला लांब केलं.

“कोणता चहा वो? तुह्या लग्नापासून वामनभाऊ तुह्या सरायशी एक शब्द बोलले नाई. ‘तुमच्या शब्दावर पोरगी धाडली,’ म्हणे, अन् दुकानात पाय ठेवू देल्ला नाई.”

“मग मला ते सगळं सांगायचे ते?”

“रोज सहाले दुकानापुढून चक्कर मारत. जे दिसे, ते तुले सांगत. म्या म्हणो, काऊन खोटं सांगता? तं म्हणत, तिले समजलं तं तिकडे तिचा जीव लागन नाई.”

चष्मा. हिरवं दार. मोटर. ओढणारा पाय. सगळं रस्त्यावरून दिसणारं. अकरा वर्षांत सरांनी बाबांच्या तोंडचं एकही वाक्य मला सांगितलं नव्हतं, आणि मी, इंग्रजीची एम.ए., मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्यापायी त्या माणसानं आपला एकमेव मित्र गमावला आणि दर रविवारी मलाच धीर दिला. मी पायरीवर बसून लहान पोरीसारखा हंबरडा फोडला.

डोळे पुसले तेव्हा रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाला टेकून बाबा उभे दिसले. हातात पांढरी फुलं होती. मी गेले, म्हटलं, आत चला.

“कोन्या तोंडानं येऊ?” ते माझ्याकडे न बघता बोलले. “रोज सहाले पुढून जाय. हात वर करे. म्या मान खाली घालून मशीन चालवो. कपडा नसला तं रिकामीच चालवो. त्या दिवशी सहा वाजले, सात वाजले... मले वाटलं, आज उशीर झाला त्याले.”

मी त्यांना हात धरून आत नेलं. त्यांनी फुलं ठेवली, पण फोटोकडे पाहणं त्यांना जमलं नाही. काकूंनी चहा दिला. बाबांनी सवयीनं अर्धा बशीत ओतला, प्यायले, आणि उरलेला कप शेजारी सरकवून ठेवला. तो तसाच थंड झाला.

तीन दिवसांनी मी सकाळच्या पॅसेंजरनं निघाले. बाबा बॅग घेऊन स्टेशनवर आले. गाडी हलली. बाबा पाय ओढत खिडकीबरोबर चालू लागले, आणि ते काय विचारणार हे मला कळलं. नका विचारू, असं मी मनात म्हणत होते.

“फ्रॉम वेर, बाई?”

मी नुसती मान डोलावली. ते चालत राहिले. शेवटच्या बाकापाशी त्यांनी पुन्हा विचारलं. फलाटाचा उतार लागला तसे ते थांबले आणि खिडकी पुढे निघाली. मी खिडकीच्या गजांना तोंड लावून जिवाच्या आकांतानं ओरडले, “फ्रॉम सिंदी!”

बाबांनी हात वर केला.