आधी सिस्टरची तपासणी

आमच्या दवाखान्यात औषधांपेक्षा किस्से जास्त जमतात, आणि बहुतेक भीतीचेच. पुंडलिकनगरला एका खोलीत संस्था सुरू झाली, तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी नियम घातला: पेशंट घाबरला तर ती तपासणी आधी सिस्टरवर करून दाखवायची. सिस्टर म्हणजे मी. मॅडमना नियम करायला काय जातंय!

*

पहिल्याच आठवड्यात एक रिटायर्ड मास्तर बीपी बघू देईनात. मी माझ्याच दंडाला पट्टा बांधला. आकडा असा चढला की मास्तर उठून उभे राहिले. म्हणाले, "बाई, तुम्हीच पडा जरा. मी उद्या येतो."

*

मग देवगाव रंगारीला दुसरं सेंटर निघालं. शुगरची सुई बघून एक आजी म्हणाल्या, "आधी तुझं बोट टोच." टोचलं. मग त्यांनी सुनेला पुढं केलं, मग लेकाला. सगळं घर टोचून झाल्यावर म्हणाल्या, "झालं नव्हं? आता माझं ऱ्हाऊ दे."

*

तिसरं सेंटर फर्दापूरला. तिथल्या धनगरवस्तीवर पाच-सहा कुत्र्यांनी आमची जीप घेरली. ड्रायव्हर जावेदभाई काच खाली घेईना. मी म्हटलं, "उतरा की." तर म्हणतो, "रूल है ना अपना, पैले सिस्टर."

*

त्याच वस्तीवर ठकूबाई भेटली. छातीत गाठ आहे, हे तिनं मला कानात सांगितलं, पण दाखवायला तयार नाय. "हात लावला की पसरतंय म्हणत्यात."

मॅडम म्हणाल्या, "उशीर केलास तर जीव जाईल."

ठकूबाईनं माझ्याकडं बोट केलं. "मग आधी हिची बघा."

आजवर सगळं करून घेतलं, पण हीच एक तपासणी मी टाळत आले होते. माझी आई यातच गेली. मला कळूनच घ्यायचं नव्हतं. पण मी नको म्हटलं असतं तर ठकूबाई परत कुणाच्याच हाती लागली नसती.

चादरीचा आडोसा केला. मी खाटेवर पडले. मॅडम तपासत तपासत तिला सांगत होत्या, "बघ, दुखत नाही, काही नाही..."

मग त्यांची बोटं एका जागी अडली, पुढं सरकली. बोटं परत त्याच जागी आली. मी पत्र्याकडं बघत राहिले.

ठकूबाई वाकून बघत होती. तिनं चोळी सोडली आणि खाटेच्या कडेला टेकली.

"सरक गं जरा," ती म्हणाली. "माझीबी तिथंच हाय."