एक टनाचा साकव आणि जीजे नंबरची गाडी

जीजे नंबर दिसला आणि मी हात आडवा केला.

कन्नडच्या पुढे, घाटाच्या अलीकडे जंगलखात्याचं एक छोटं नाकं आहे. तिथून डावीकडे कच्ची वाट फुटते ती डोंगरावरच्या धनगरवस्तीला जाते. मी आणि आमचा ड्रायव्हर सकाळपासून तिथे बाभळीच्या सावलीत उभे होतो. सावली कसली, नुसते काटे. जीपच्या दाराला हात लावायची सोय नव्हती, इतका उन्हाचा तडाखा.

समोरून आलं ते बघून ड्रायव्हर म्हणाला, हे कुठल्या जत्रेतलं खेळणं? चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मध्ये लांबट सीट. याला एटीव्ही म्हणतात. दगडधोंड्यात, चढावर, रेतीत कुठेही चढते. मागे लोखंडी ट्रॉली, ट्रॉलीत निळी टाकी, टाकीत पाणी. चालवणारी तिशी ओलांडलेली बाई, तोंडाला ओढणी आणि डोक्याला चक्क हेल्मेट. डोंगरात, कुणी बघत नसताना हेल्मेट घालणारं माणूस मी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होते. माझं अर्धं मत तिथेच तिच्या बाजूनं झुकलं. पण मत वेगळं आणि नोकरी वेगळी.

मी तेव्हा संभाजीनगरच्या आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होते. रस्त्यावर गाड्या अडवणं, कागद बघणं, वजन तपासणं हे आमचं काम. लोक आम्हाला बघून रस्ता बदलतात, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी मी तक्रारीवरून आले होते. तक्रार पाण्याच्या टँकरच्या ठेकेदाराची: परराज्यातली गाडी, नोंदणीचा पत्ता नाही, वजनाची मर्यादा तोडून जंगलवाटेनं धंदा चालू आहे. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. तालुक्यातल्या निम्म्या गावांना टँकर चालू होते आणि ठेकेदारांना गर्व चढला होता.

तिचं नाव सुनंदा. पडेगावची. तिच्या वडिलांची तिथे शेती होती, पण शहर सरकत सरकत बांधाला येऊन भिडलं होतं. तिन्ही बाजूंनी प्लॉटिंग, एका बाजूला मंगल कार्यालय, आणि विहीर ठणठणीत. पीक निघेना आणि जमीन विकायची नाही, म्हणून तिनं त्याच रानात मातीचे उंचवटे करून शहरातल्या पोरांना एटीव्हीवर फिरवायचा पार्क काढला. मे महिन्याच्या सुट्टीत तिची वर्षाची कमाई व्हायची. आणि नेमक्या त्याच महिन्यात ती पार्क बंद ठेवून, गाडी टेम्पोत घालून, इथे डोंगरात पाणी वाहत होती. का, असं मी विचारलं तर म्हणाली, या वस्तीची मेंढरं दर सालाला आमच्या रानात बसायची, खत पडायचं. लहानपणापासून ओळख आहे. एवढंच उत्तर.

आता कागदांचं सांगते. आपल्याकडे बहुतेक एटीव्हींना नंबरच मिळत नाही. त्या खाजगी जागेत चालवायच्या, रस्त्यावर आणायच्या नाहीत. पण एखादं मॉडेल ट्रॅक्टर म्हणून चाचणीत पास झालेलं असतं, त्याची रीतसर नोंदणी होते. सुनंदाची गाडी तशी होती, गुजरातेतून जुनी घेतलेली. परराज्यातली गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांपर्यंत जुन्या नंबरावर चालते. पुढे इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, आणि इथला टॅक्स. तिचे बारा महिने अजून भरले नव्हते, पण भरत आले होते. पाण्याचं भाडं घेतलं असतं तर वेगळा परवाना लागला असता, पण ती एक रुपया घेत नव्हती.

म्हणजे गाडी ठीक. घोडं अडलं ते ट्रॉलीवर. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, हे शेतकऱ्यांनाही माहीत नसतं. तिची ट्रॉली वाळूजच्या वेल्डरनं जमेल तशी जोडलेली. पासिंग नाही, काही नाही. दुसरं वजन. वाटेत नाल्यावर जुना दगडी साकव आहे. साकव म्हणजे छोटा पूल. त्याची एक कमान खचल्यावर बांधकामवाल्यांनी पाटी लावली: सर्व मिळून एक टन. गाडी, ट्रॉली, पाणी आणि चालवणारं माणूस, सगळं धरून. म्हणून ती टाकी थोडी रिकामीच ठेवायची, तरी वजन काठावर. टँकर तिथून जाणं शक्यच नव्हतं. ठेकेदाराचा टँकर नाक्यावरच्या टाकीत पाणी ओतून परत जायचा आणि कागदावर वस्तीवर पोहोचायचा; तेच पाणी सुनंदा खरोखर वर नेत होती. सुनंदाची गाडी त्याच्या डोळ्यात का खुपत होती, ते मला तेव्हा कळलं.

मी साहेबांना फोन लावला. आमचे साहेब, उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, माणूस चांगला पण फोनला घाबरणारा. मी ट्रॉलीचं सांगायच्या आत तेच बोलले.

"मॅडम, वरून फोन होता. पाण्याचा विषय आहे, पेपरात येईल. सोडून द्या."

"ट्रॉली बिनपासिंगची आहे, साहेब."

"दुष्काळ आहे हो. तोंडी सांगतोय ना मी."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, ती गाडी जप्त करायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मी कागद तिच्या हातात ठेवले आणि म्हटलं, जा बाई, वरून फोन आला, साहेबांनी सूट दिली.

ती जागची हलली नाही. इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, ही सूट कुणाची? साहेबांची, का ज्यांनी साहेबांना फोन केला त्यांची?"

मी चिडले. म्हटलं, तुला सोडतेय तर तू माझीच उलटतपासणी घेतेस?

"उलटं नाय बोलत. वरच्या बायका आधी दोन दिवसाचं पाणी राखून ठेवायच्या. मी रोज येते म्हणून आता नाय ठेवत. उद्या दुसऱ्या कुणाचा फोन आला आन् गाडी मधीच धरली, तर वर लेकरांना प्यायला घोट नसंल. त्यापेक्षा काय काय कमी आहे ते सांगा. मी पुरं करते. तवर ट्रॉली इथंच राहील."

आणि तिनं खरोखर पिन काढून ट्रॉली सोडवली. नाक्याच्या भिंतीला टेकवून उभी केली.

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर लोक रडले, भांडले, एकानं तर आमच्या जीपपुढे लोळण घेतली होती. सुटका हातात दिल्यावर ती परत करणारी ही पहिलीच. मला तिचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. ती माझी कोणी नव्हती, तरी वाटला.

पण हे वस्तीवर सांगणार कोण? ती म्हणाली, मीच सांगते, पण तुम्ही बरोबर या, नायतर ठेकेदारानं फितवलं असं वाटंल. मग पाण्याचे चार कॅन गाडीच्या कॅरियरला बांधून ती पुढे आणि मी पायी मागे, अशी वरात डोंगरावर निघाली. साकव ओलांडताना मी जपून पावलं टाकली. माझंही वजन काही कमी नाही.

वस्ती म्हणजे दहा-बारा खोपटं. पुरुष मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात गेलेले. मागे बायका, म्हातारीकोतारी, लेकरं आणि चालू न शकणारी कोकरं. कोंडाबाई म्हणून एक वयस्क बाई तिथलं सगळं बघायची. सुनंदानं तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार आणि शिव्या माझ्या वाट्याला येणार.

कोंडाबाईनं मला बसायला घोंगडी टाकली. मग विचारलं, ते एनओशी का काय म्हंता, ते काय असतंय? मी सांगितलं, की जुन्या आरटीओनं लिहून द्यायचं, या गाडीकडे आमचं काही राहिलेलं नाही, तुम्ही घ्या.

"व्हय, म्हंजे आमच्यावानीच की," ती म्हणाली. "आम्ही बी दुसऱ्याच्या शिवंत कळप घालायच्या आधी थांबतो. आधीच्या गावचं कुणाचं रान खाल्लं नाय ना, हे चार माणसांत सांगावं लागतंय. मंग आत. न इचारता घुसला त्याला पुढच्या साली कुणी उभं करत नाय."

बाकीच्या बायकांना तिनं सांगून टाकलं, की ट्रॉली येईस्तोवर ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी सकाळी खाली उतरायचं. एकीनं कुरकुर केली. साहजिक होतं, घाट उतरायचा आणि भरली घागर घेऊन परत चढायचा. पण दुसऱ्या दिवशी तीही उतरली.

पुढचे दिवस सुनंदानं काढले ते बघायला पाहिजे होते. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत नुसत्या खेपा. कॅरियरवर मावतील तेवढे कॅन, वर जायचं, रिकामे आणायचे, पुन्हा भरायचे. चेहरा उन्हानं करपला, तळहातांना फोड आले. पार्क बंद तो बंदच. मी त्या बाजूला ड्यूटी लागली की मुद्दाम वाकडी वाट करून नाक्यावर जायचे. तिचे वडील सत्तरीचे, ते एसटीनं गुजरातेत गेले आणि तिथल्या आरटीओच्या दारात ठाण मांडून एनओसी घेऊनच परतले. लेक कुणावर गेली ते कळलं.

ट्रॉलीची गोष्ट अवघड झाली. वेल्डरची ट्रॉली पास होणं शक्य नव्हतं. मी तिला सिल्लोडच्या एका कारखान्यातून मंजूर नकाशाची छोटी ट्रॉली घ्यायला लावली. ती दणकट होती, म्हणजे जड होती. मग एक टनात बसायला पाणी कमी करावं लागणार. सुनंदा म्हणाली, टाकी अजून थोडी रिकामी ठेवते. तिथे मी तिला थांबवलं. सामान्य माणसाला वाटतं, कमी भरलेली टाकी म्हणजे कमी धोका. आमच्या धंद्यात उलटं आहे. पूर्ण भरलेल्या टाकीतलं पाणी हलत नाही. अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडीला घेऊन जातं. मी असे उलटलेले टँकर क्रेननं उचलताना पाहिलेत. मी म्हटलं, टाकी काढ, झाकणाचे कॅन लाव, तोंडापर्यंत भर आणि पट्ट्यानं आवळ. तिनं तसंच केलं, वर मलाच म्हणाली, हे आधी सांगितलं असतं तर झोप लागली असती, त्या टाकीनं वळणावर रोज जीव वर व्हायचा.

गाडीला एमएच वीस नंबर मिळाला. ट्रॉली मी स्वतः तपासली. तिला सांगून ठेवलं होतं, ओळखीचा एक मिलिमीटर मिळणार नाही. मागचा लाल रिफ्लेक्टर वाकडा होता म्हणून एकदा परत पाठवली. ती हसत घेऊन गेली, सरळ करून आणली.

त्याच आठवड्यात भरारी पथक आलं. बाहेरच्या जिल्ह्याचं, ठेकेदारानं थेट मुंबईला लिहून मागवलेलं. पथकप्रमुख तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. आमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. आपण त्या दिवशी तोंडी काय बोललो ते त्यांना आठवत असणार.

पथकानं सुनंदाला साकवाच्या अलीकडे अडवलं. आरसी बघितली, नंबर बघितला, चासी नंबर घासून बघितला, ट्रॉलीचे कागद बघितले, इन्शुरन्स बघितला. मग चाकांखाली वजनाचे पाटे सरकवले. पलीकडच्या चढावर कोंडाबाई आणि चार-पाच बायका उभ्या होत्या. वजन मी आधी तपासलेलं होतं, तरी आकडा बघायला वाकले.

आकडा आला. एक टनाच्या आत.

"अजून दोन कॅन बसतील," पथकप्रमुख म्हणाला.

"तेवढं वजन माझ्या जेवणासाठी सोडलंय," सुनंदा म्हणाली.

तो हसला नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ही कुणाची माणसं आहेत? आता कुणाचा फोन येणार आहे मला?"

मी म्हटलं, "कुणाचाच नाही."

त्याला ते खरं वाटलं नाही. मोबाइल हातात धरून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. फोन वाजला नाही. मग त्यानं पाटे काढायला सांगितले, एक कॅन उघडून ओंजळभर पाणी प्यायला आणि गाडीला वाट करून दिली. सुनंदा साकवावरून हळू, पहिल्या गिअरमध्ये गेली. पलीकडे बायकांनी कॅन उतरवायला सुरुवात केली तेव्हा मला रडू आलं. युनिफॉर्ममध्ये रडणं बरं दिसत नाही म्हणून मी जीपमागे गेले.

पाऊस लागेपर्यंत ती गाडी रोज वर गेली आणि वस्ती उठली नाही. लोक विचारतात, ठेकेदाराचं काय झालं? काही झालं नाही. पुढच्या वर्षी त्यालाच काम मिळालं.

आता निवृत्त झाले तरी नवीन निरीक्षकांच्या ट्रेनिंगला मला बोलावतात. तिथे मी हा प्रसंग सांगते आणि शेवटी एवढंच म्हणते: एखादी गाडी सुटावी असं मनापासून वाटत असेल, तर तिला नियमात बसवायला चार दिवस घाम गाळा. फोनवर सोडलेली गाडी पुढच्या फोनपर्यंतच जाते.