आबांनी दिलेली सावली

दारात आलेल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी आबा माळाकडे बोट करून विचारायचे, "त्या टेकाडावर काय दिसतंय?" पाहुणा कपाळावर हात धरून बघायचा आणि झुडपं म्हणायचा. आबा खूश. "झुडपं न्हाईत पावनं, आमच्या चुलत्याची मेंढरं हायती. त्यातली एक लंगडतीय." केंदूरला घर बांधून, शेती करून, थोडी मेंढरं राखून आम्ही स्थिरावलो होतो, तरी माझ्या वडिलांचा डोळा धनगराचाच राहिला.

उन्हाचा मात्र त्यांना मनस्वी राग. सारा जन्म त्यात करपला होता. माझा थोरला भाऊ महादू शाळेत हुशार निघाला, तेव्हा आबांनी जाहीर केलं, "माझ्या ल्येकाच्या टकुऱ्यावर ऊन पडू देनार न्हाई." आणि शब्द पाळला. मेंढरांच्या ओरडण्यानं अभ्यास मोडू नये म्हणून मधल्या खोलीचा झरोकासुद्धा त्यांनी शेणामातीनं लिंपून टाकला. शाळा सुटली की दादा आत, चिमणीच्या उजेडात. सुट्टीतही आत. विहिरीवर पोहायला बोलवायला आलेल्या पोरांना आबा पिटाळून लावायचे. मेंढरांमागं मी. मुलगी करपली काय नि न करपली काय! मला त्याचा भयंकर राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

आबांच्या मनात एकच होतं, पोरगा दौंडला रेल्वेच्या इंजिनावर चढवायचा. इंजिनाला छप्पर असतं, एवढ्यावरच ते भाळले होते. दादा मॅट्रिक झाला, भरतीत निवडलाही गेला. राहिली फक्त डोळ्यांची तपासणी. आबा आणि मी दौंडला तपासणीच्या खोलीच्या दाराशी उभे होतो. भिंतीवरच्या तक्त्यावरल्या वरच्या दोन ओळी दादानं वाचल्या आणि तो थांबला. डॉक्टर म्हणाले, याला चष्मा लागेल आणि इंजिनावर चष्मा चालत नाही.

आबांना अक्षर ओळखू येत नव्हतं. ते दारातच खाली बसले आणि तक्त्यावरचं सगळ्यात खालचं, बारीक अक्षर त्यांनी धुळीत बोटानं हुबेहूब काढलं. "सायेब, हे बगा. मला दिसतंय. माझं डोळं काढून त्येला बसवा." डॉक्टरांनी पुढच्या पोराला आत बोलावलं. कंपाउंडरला दया आली असावी, पुढच्या भरतीला पुन्हा घेऊन या, म्हणाला.

त्या एका वाक्यानं आबा वेडे झाले. दादाच्या डोळ्यांत मध घातला, तळपायांना तूप चोळलं, बिरोबाला साकडं घातलं. चष्मा घेऊ दिला नाही, त्यानं डोळा आळशी होतो म्हणे. शेवटी रोज सकाळी त्याला माळावर नेऊन उभं करू लागले. लांबच्या मेंढरांकडे बोट करायचं आणि विचारायचं, दिसतंय का. आधी दादा नाही म्हणायचा. आबांचा चेहरा बघवत नव्हता. मग एक दिवस तो दिसतंय म्हणाला. आबांनी त्या दिवशी गावभर गूळ वाटला.

भरती जवळ आली होती. त्या सकाळी मी मेंढरं माळावर न नेता ओढ्यावर पाण्याला नेली होती. परत येताना आबा आणि दादा माळावर माझ्याकडे पाठ करून उभे दिसले. आबांच्या डोळ्यांवर आदल्या दिवसापासून तापानं झापड होती, म्हणून ते नीट न बघताच विचारत होते.

"मेंढरं दिसत्यात?"

"व्हय, आबा."

"काळं कोकरू?"

"त्येबी हाय की. कडंला."

काळं कोकरू माझ्या काखेत होतं. ते ओरडलं. आबा वळले, मला पाहिलं, मग डोळे ताणून समोरचा रिकामा माळ पाहिला. दादा तसाच समोर बघत उभा. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चल बाबा, भाकरी खाऊ," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते दौंडला गेले नाहीत. दादाला चष्मा मिळाला, वरवंडला एका अडतीवर कामही मिळालं, संसार झाला. आबांनी मात्र पाहुण्यांना टेकाडावरचं विचारणं कायमचं सोडलं. मला विचारायचे, "माझं काय चुकलं गं?" मग स्वतःच सांगत बसायचे. चिमणीचा धूर असंल. दूध कमी पडलं असंल. देवाचं काही ऱ्हायलं असंल. शेवटच्या दुखण्यात बोलणं तुटलं तरी तेवढा प्रश्न राहिला होता. मी म्हणायची, "काही न्हाई चुकलं, आबा."

गेल्या वर्षी माझ्या नातवाला चष्मा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच्या धाकट्या बहिणीला तरी दिवसा भरपूर बाहेर खेळू द्या. उघड्यावर, उजेडात वाढणाऱ्या मुलांचे डोळे असे बिघडण्याची भीती कमी असते. मी विचारलं, आणि बिघडल्यावर उन्हात उभं केलं तर? त्या म्हणाल्या, नाही आजी, गेलेली नजर त्यानं परत येत नाही.

मला सावली मिळाली नाही, म्हणून माझे डोळे चांगले राहिले. दादाला आबांनी स्वतःजवळ नव्हती ती सगळी सावली दिली. झरोका लिंपताना त्यांच्या कोपरापर्यंत शेण लागलेलं मला आठवतं, आणि तोंडावरचं समाधानही. आज उत्तर मला माहीत आहे. पण आबा समोर येऊन बसले आणि त्यांनी पुन्हा विचारलं, तर मी म्हणेन, काही न्हाई चुकलं, आबा.