मंगळवारी ये

सुधीरदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी एका पुस्तकाची शेवटची पानं लावत होते. फोन शैलावहिनींचा होता. एरवी त्या आधी जेवलीस का विचारतात, त्या दिवशी थेट म्हणाल्या, "हे गेले गं. दुकानातच." दुकान म्हणजे लॅमिंग्टन रोडवरचं, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं, वहिनींच्या थोरल्या भावाचं. त्यांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो. बोळासारखं अरुंद दुकान. दारात गल्ल्यावर भाऊ आणि आत टोकाला स्टुलावर दादा. त्याला चहाला जरी बाहेर यायचं झालं तरी आधी भाऊंना खुर्चीवरून उठावं लागे. सत्तावीस वर्षं तो त्या स्टुलावर बसला. त्या दिवशी त्याला बाहेर आणायलाही आधी भाऊ उठले असतील... आणि मी त्याच्याशी तीन वर्षं धड बोलले नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

दादा माझा मामेभाऊ. मामा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ते मालवणला परत गेले. दादाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न झालं, पण मुंबईत राहायला जागा नाही. तेव्हा भाऊंनी लालबागची आपली दुसरी खोली दिली आणि दुकानात कामही दिलं. "राहा, तुमचंच आहे," असं ते म्हणत. कागदावर मात्र नाव त्यांचंच राहिलं. एकदा दादाला पुण्याच्या कारखान्यात चांगली नोकरी मिळत होती. तो आठवडाभर खुशीत होता. मग वहिनींनी विचारलं, दुकान सोडलं तर खोलीचं काय? त्यानंतर पुण्याचा विषय त्या घरात निघाला नाही.

मी भोईवाड्यात घरीच डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी मजकूर टाइप करून पानं लावायचं काम करते. माझं पहिलं मशीन दादाने जोडलं, माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पोह्यांची बशी बाजूला ठेवून. बाकी कशातही काटकसर कर, पण एसएमपीएसमध्ये करू नकोस, असं तो बजावायचा. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज मशीनला सोसेल अशी करून देणारी पेटी. त्याच्या मते ती घरातल्या सासूसारखी, तिचं बिनसलं की सगळ्यांचं बिनसतं. वहिनींच्या सासूबाई, म्हणजे दादाकडेच राहणारी माझी मामी, समोर बसलेली असतानाही तो हे म्हणायचा. पण भाऊंच्या दुकानात ज्या पेट्या थप्प्यांनी रचलेल्या असत, त्या त्याच्या पसंतीच्या नव्हत्या. भाऊ त्या घाऊक स्वस्तात उचलत. वर क्षमतेचा आकडा मोठा छापलेला, आत सगळा आनंद. आणि आमच्यात तर रीतच, घरचं दुकान असताना दुसरीकडे जायचं नाही. गेलं की तो सोयरिकीचा अपमान.

यातून दादाने आपली एक वाट काढली होती. दर मंगळवारी सकाळी भाऊ प्रभादेवीला दर्शनाला जात, ते दुपारी उगवत. जवळच्या माणसांना दादा सांगून ठेवी, मंगळवारी ये. त्या दिवशी तो खरं बोलायचा. हे घे, ते घेऊ नकोस, हे तर समोरच्याकडून घे आणि भाऊंनी विचारलं तर गावच्या भाच्याने पाठवलं म्हणून सांग. लालबाग-परळची निम्मी कॉम्प्युटर क्लासवाली मंडळी मंगळवारची गिऱ्हाइकं होती.

माझी पेटी गेली ती गुरुवारी. दिवाळी अंकाची पानं सोमवारी छापखान्यात द्यायची होती. मंगळवारचा नेम मला ठाऊक होता, पण वाटलं, तो परक्यांसाठी. आपल्या भावाकडे जायला कसला वार बघायचा? गेले. भाऊंनी ये ये करून चहा मागवला आणि आत हाक मारली, "सुधीर, ताईला आपली ती पेटी दे." दादाने थप्पीतली वरची पेटी काढून माझ्या हातात दिली. मी विचारलं, चांगली आहे ना रे? तो म्हणाला, "चांगली आहे." रविवारी दुपारी जळका वास आला. मशीन तर गेलंच, पण त्यालाच जोडलेल्या दोन्ही डिस्क गेल्या. अंक गेला आणि त्यासोबत एका निवृत्त मास्तरांचा, आठ महिने टाइप केलेला, त्यांच्या गावाचा इतिहास. मास्तरांनी कागदांचं बाड परत नेलं, तेवढंच.

दादा संध्याकाळी आला. पेटी उघडून बघितली आणि तसाच फरशीवर बसून राहिला. मी विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं." मग पेटीचं झाकण परत लावत म्हणाला, "तू गुरुवारी का आलीस गं?"

"बहिणीनंही वार बघून यायचं?"

"यायचं. मी तिथे बसतो तेव्हा माझा नसतो."

मला तेव्हा हे नाटकी वाटलं. एक नजर तरी टाकायची, एक खूण तरी करायची, एवढंही धैर्य नाही? मी त्याला भित्रा म्हटलं, मिंधा म्हटलं. तो उठून गेला. दुसऱ्या मंगळवारी त्याने समोरच्या दुकानातून चांगली पेटी पाठवली, मी ती परत केली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, हे ज्याचं तोंड मोकळं आहे त्याला कळत नाही. मला तर आपल्या मोकळ्या तोंडाचा फार अभिमान होता. त्यानंतर लग्नकार्यात भेटलो की तो विचारायचा, मशीन बरं चाललंय ना? मी हो म्हणायचे आणि पुढे सरकायचे.

तेराव्याला लालबागच्या त्या खोलीत माणसं मावत नव्हती. वहिनी पानं वाढत होत्या. भाऊ मला म्हणाले, "सुधीर गेला म्हणून येणं बंद करू नकोस. त्याने दिलेली ती पेटी चालली ना व्यवस्थित?"

त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. दादाने सांगितलंच नव्हतं. तीन वर्षं जे वाक्य मी जिभेवर धरून ठेवलं होतं, ते बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी तोंड उघडलं. वहिनी भाताचं पातेलं हातात घेऊन थांबल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, भाऊंकडे बघत होत्या. आता त्या आणि थकलेली मामी इथेच राहणार होत्या, याच चार भिंतींत, भाऊ म्हणतील तोवर.

"चालली ना भाऊ," मी म्हटलं. "चांगली होती."