मिस्त्रीने पाडलेली किंमत

धक्क्यावर जुन्या बोटींची किंमत मिस्त्रीच ठरवायचा. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच्या साडूने शर्यतीची एक जुनी बोट पसंत केली आणि मिस्त्रीला पारखायला बोलावलं. मिस्त्रीने बूड ठोकलं, तर खणखणीत! इंजिनही एका झटक्यात सुरू झालं. मालक मागत होता ती किंमत अगदी रास्त होती. मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागलं. हा मेला वाऱ्यासारखा उडणार, आणि आपण जन्मभर लोकांची इंजिनं पुसणार!

“बूड आतून कुजलंय. निम्म्यालाही महाग आहे,” त्याने मालकासमोरच ठोकून दिलं.

मालकाचा चेहरा पडला. मिस्त्रीने नाक मुरडलेली बोट आता दुसरं कोण घेणार? त्याने तिथेच निम्मी किंमत सांगितली.

साडूने मिस्त्रीला मिठीच मारली. “घेतली, साडूभाऊ! बूड दुरुस्त करायला तुम्ही घरचेच आहात की!”