गैरहजर मामा आणि पनवेलची ‘हाय हाय’

पोलादपूरहून पहाटेची एसटी सुटली तेव्हा मामा खिडकीशी ताठ बसले होते आणि मी मनातल्या मनात पनवेलच्या दवाखान्याशी भांडायची तालीम करत होते.

धोंडीबामामा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तोफा डागल्या शत्रूवर, पण कान गेले मामांचे. त्यांचं श्रवणयंत्र मंजूर होऊन पनवेलला माजी सैनिकांच्या दवाखान्यात येऊन पडलं होतं. ते आणायला मामा दोनदा एकटे गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. तिथं खिडकीतून नाव पुकारतात, मामांना ते ऐकू येत नाही, आणि त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागतं. बहिऱ्याला यंत्र मिळणार, पण हाक ऐकली तरच! तिसऱ्यांदा गैरहजर लागलं की यंत्र परत जाणार आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी, त्यांची भाची, पुण्याहून रजा टाकून आले होते.

खरी घाई मामीला होती. ओरडून ओरडून घसा बसल्यावर तिनं मामांशी बोलणंच सोडलं होतं. जेवायला चला, पाऊस आला, गाय सुटली, सगळं हातवाऱ्यांनी. आणि ही एरवी अख्ख्या गावातली गप्पिष्ट बाई!

रस्त्यानं आमची हाडं खिळखिळी केली. पेण सोडल्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसला तेव्हा मामा खुलले. “तिथं एक तोफ बसवली ना पोरी, तर अख्खा हायवे आपला!” हे सगळ्या गाडीला ऐकू गेलं. कंडक्टरनं आमच्याकडे जरा जपूनच पाहिलं.

पनवेलला उतरून वडापाव खाल्ला आणि नवीन पनवेलची रिक्षा धरली. “सेक्टर कुठला?” रिक्षावाल्यानं विचारलं. “कानाचा!” मामा म्हणाले. त्यांना ‘डॉक्टर’ ऐकू आलं होतं.

दवाखान्यात गर्दी होती. काचेआडचा कारकून संगणकाकडे बघत नावं पुटपुटत होता. माझ्या धडधाकट कानांनाही ती समजेनात. त्यात त्यानं मामांच्या कार्डाची झेरॉक्स मागितली. दोन्ही बाजूंची, पण कागदाच्या एकाच बाजूवर! आमच्या शेजारी करंजा बंदरावरच्या कोळीण यमुनाबाई बसल्या होत्या. त्यांचा दादला (नवरा) नेव्हीतून निवृत्त झालेला, आत डोळे तपासून घेत होता.

“मावशी, मामांचं नाव, धोंडीबा मोरे म्हणून पुकारलं तर एवढं सांगा, आहेत म्हणून.”

“जा तू बिनघोर. मी हाय (आहे) ना.”

झेरॉक्सवाल्याकडे नेमकी वीज गेलेली. कशीबशी प्रत घेऊन धावत आले, तर फाटकापासूनच आरोळी ऐकू आली, “हाय! हाय!”

आत यमुनाबाई खिडकीला भिडल्या होत्या. बंदरावर मासळीच्या लिलावात कमावलेला आवाज तो! “गैरहजर कसा लिवता? मानूस समोर बसलाय! मोरे हाय! हाय! हाय!” सकाळपासून ताटकळलेल्या फौजींना एवढं निमित्त पुरलं. सगळे टाळ्या पिटत ओरडू लागले, “हाय! हाय!”

धाडकन दार उघडून मुख्य डॉक्टर बाहेर आले. उत्तरेकडचे, निवृत्त कर्नल. त्यांना वाटलं, दवाखान्यावर मोर्चा आला.

“किसके खिलाफ नारेबाजी चल रही है? लीडर कौन है?”

मामांना शब्द कळला नव्हता, पण अधिकाऱ्याची ऐट ते बरोबर ओळखतात. ते खाडकन उठले, सलाम ठोकला आणि काचा हादरतील अशा आवाजात म्हणाले, “हवालदार मोरे, हाजिर साब!”

मी घाईघाईनं सगळा प्रकार सांगितला. कर्नल आधी कारकुनाकडे बघून गरजले आणि मग असे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मामांना त्यांनी स्वतः हाताला धरून आत नेलं.

यंत्र बसल्यावर मामांचं पहिलं वाक्य होतं, “हा पंखा एवढा बोंबलतो?”

यमुनाबाईंनी डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी) आमच्या हातावर ठेवला. “आता बायकोचं सगलं ऐकावं लागंल, मामा,” त्या म्हणाल्या. मामा चक्क लाजले.

परतीच्या एसटीत मला राग आणि हसू आलटून पालटून येत होतं. ज्यांनी देशाच्या एका हाकेवर घर सोडलं, त्यांना काचेआडची हाक ऐकू आली नाही म्हणून गैरहजर ठरवायचं, ही कुठली रीत? हक्काच्या वस्तूसाठी घोषणा द्यायला लागू नयेत. आमच्या नशिबानं त्या चुकून दिल्या गेल्या.

घरी पोचलो तेव्हा मामी दारातच उभी होती. सवयीनं तिनं हात तोंडाशी नेऊन विचारलं, जेवणार का?

“तोंडानं बोल की,” मामा हळूच म्हणाले.

इतक्या दिवसांचं साठलेलं, त्यातलं आधी काय बोलावं हे मामीला सुचेना. डोळे भरून आले. शेवटी पदरानं नाक पुसत, अगदी हलक्या आवाजात ती म्हणाली, “चपला बाहेर काढा.”

आणि मामांनी त्या काढल्या.